अहिल्यानगर जिल्ह्यातील तमाशा फडांच्या इतिहासाचे जतन

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील फिरते तमाशा फड आणि त्यांतील नर्तकी, गायिका, वगनट, सोंगाडे व वादक यांच्या कार्याची नोंद ठेवणे, तिचे संकलन करणे व ती अभ्यासकांना उपलब्ध करून देणे, या प्रयत्नांचा आढावा या लेखात घेतला आहे. जिल्ह्याचे अधिकृत नाव २०२४ मध्ये बदलले. त्यामुळे जुन्या परवान्यांवर, जाहिरातपत्रकांवर व ग्रंथांत 'अहमदनगर' किंवा 'नगर' हाच उल्लेख आढळतो. तमाशाच्या रंगमंचावर नाचणारी पहिली स्त्री मानल्या जाणाऱ्या पवळा हिवरगावकर याच जिल्ह्यातील होत्या. गुलाबबाई संगमनेरकर आणि कांताबाई सातारकर यांचीही नावे या जिल्ह्याशी जोडलेली आहेत. तमाशातील शाहिरांचे कवन लेखी स्वरूपात बऱ्याच प्रमाणात टिकले. ते रंगमंचावर साकार करणाऱ्या स्त्रियांची कला मात्र प्रामुख्याने स्मरणातून व शिष्यपरंपरेतून पुढे आली. त्यामुळे या क्षेत्रातील जतनाचे काम मुख्यतः नर्तकींच्या इतिहासाशी निगडित आहे.

पार्श्वभूमी

तमाशा हा महाराष्ट्रातील लोकनाट्याचा प्रकार असून त्याचे आजचे स्वरूप उत्तर पेशवाईत घडले, असे मानले जाते. या काळातील प्रमुख शाहिरांपैकी अनंत फंदी (१७४४–१८१९) हे संगमनेरचे रहिवासी होते. त्यांनी लावण्या, पोवाडे व फटके रचले. अहिल्याबाई होळकर यांच्या सांगण्यावरून त्यांनी तमाशाचा फड सोडून कीर्तनाचा मार्ग स्वीकारला, अशी आख्यायिका आहे. अहिल्याबाईंचे जन्मस्थान चौंडी हे याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात येते. संगमनेरमध्ये फंदींच्या नावाने व्याख्यानमाला भरते.

तमाशाचे दोन मुख्य प्रकार आहेत. ढोलकी फडाच्या तमाशात गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि वग असा क्रम असतो; हा फड तंबू, कनाती व रंगमंचाचे साहित्य घेऊन गावोगाव फिरतो. संगीत बारीत गायन, नृत्य व अदाकारी यांना प्राधान्य असते आणि ती बहुधा एका ठिकाणच्या थिएटरात किंवा कला केंद्रात सादर होते. दोन्ही प्रकार जिल्ह्याच्या परिसरात रुजले. संगमनेर हे फडाच्या कलावंतांचे गाव म्हणून, तर जामखेड हे संगीत बारीच्या कला केंद्रांसाठी ओळखले जाते.

फिरत्या फडाची कार्यपद्धती

ढोलकी फडाचा हंगाम साधारणपणे दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास संपतो. मोठ्या फडात शंभराहून अधिक माणसे असतात. त्यांत कलावंतांबरोबरच तंबू उभारणारे कामगार, वाहनचालक, आचारी, वीज व ध्वनियंत्रणा सांभाळणारे तंत्रज्ञ आणि तिकीट विक्रेते यांचा समावेश होतो. कार्यक्रम दोन पद्धतींनी होतात. तिकीट लावून होणाऱ्या कार्यक्रमात उत्पन्नाची जोखीम फडमालकाची असते. गावाने यात्रेसाठी ठराविक रकमेवर दिलेल्या कार्यक्रमाला 'सुपारी' म्हणतात.

यात्रांच्या सुपाऱ्या ठरवण्याचे मुख्य ठिकाण म्हणजे पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यातले नारायणगाव. संगमनेर, अकोले व पारनेर या तालुक्यांच्या शेजारी असलेल्या या गावात गुढीपाडव्याच्या आधीपासून फडमालकांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीसमोर फडाचे नाव व कलावंतांची चित्रे असलेला फलक असतो. गावोगावचे यात्रा समितीचे पंच तेथे येऊन तारीख व रक्कम ठरवतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील फडांचा व्यवहारही याच बाजारातून होत आला आहे.

पावसाळ्यात फड बंद असतो. या काळात पुढील हंगामासाठी कलावंतांशी करार होतात व त्यांना आगाऊ रक्कम दिली जाते. या रकमेला 'उचल' असे म्हणतात. उचलीचा हिशेब फडमालकाच्या वहीत लिहिला जातो. कोणत्या हंगामात कोण कलावंत कोणत्या फडात होता, हे दाखवणारा हा महत्त्वाचा पुरावा आहे. परंतु अशा वह्या खासगी व्यवहाराच्या असल्याने हिशेब मिटल्यावर त्या जपण्याचे कारण उरत नाही.

प्रमुख कलावंत

पवळा हिवरगावकर. पवळा तबाजी भालेराव यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथे एका महार कुटुंबात झाला. त्यांच्यापूर्वी तमाशात स्त्रीभूमिका व नृत्य 'नाच्या पोऱ्या' म्हणून ओळखले जाणारे तरुण मुलगे करीत. पवळा यांनी रंगमंचावर प्रवेश केल्यानंतर ही प्रथा हळूहळू मागे पडली. शाहीर पठ्ठे बापूराव (मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, १८६६–१९४५) यांच्यासह त्यांनी केलेले कार्यक्रम मुंबईत व महाराष्ट्रभर गाजले. ब्राह्मण शाहीर व महार नर्तकी यांचे हे सहकार्य त्या काळच्या समाजात मोठ्या वादाचा विषय ठरले. पठ्ठे बापूरावांच्या लावण्या संकलित होऊन छापल्या गेल्या. पवळा यांचे नृत्य व अदाकारी यांचे ज्ञान मात्र प्रामुख्याने प्रत्यक्षदर्शींच्या आठवणींवर व पुढील पिढ्यांनी सांगितलेल्या कथांवर आधारलेले आहे.

कांताबाई सातारकर. कांताबाईंचा जन्म १९३९ मध्ये गुजरातमध्ये, दगडखाणीवर काम करणाऱ्या कुटुंबात झाला. साताऱ्यात बालपणीच त्या मेळ्यातून रंगमंचावर आल्या. पुढे वगनट तुकाराम खेडकर यांच्या फडात त्या प्रमुख कलावंत झाल्या व त्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. खेडकर यांच्या निधनानंतर त्यांनी संगमनेर येथून स्वतःचा फड उभा केला. 'रायगडची राणी', 'पाच तोफांची सलामी' व 'महारथी कर्ण' हे त्यांचे गाजलेले वग होत. राज्य शासनाने विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाने दिल्या जाणाऱ्या जीवनगौरव पुरस्काराने त्यांचा सन्मान केला. मे २०२१ मध्ये करोनाच्या साथीत संगमनेर येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र रघुवीर खेडकर हे सोंगाड्याच्या भूमिकांसाठी प्रसिद्ध असून त्यांनी फडाची परंपरा पुढे चालवली. तमाशा कलावंतांच्या संघटनेचे नेतृत्वही त्यांनी केले आहे.

गुलाबबाई संगमनेरकर. लावणीच्या गायनासाठी व विशेषतः बैठकीच्या अदाकारीसाठी त्या ओळखल्या जात. त्यांनाही राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

नावे व नोंदींचा प्रश्न

तमाशातील अनेक स्त्री कलावंतांनी कौटुंबिक आडनावाऐवजी गावावरून घेतलेले नाव वापरले. भालेराव घराण्यातील पवळा या 'हिवरगावकर' म्हणून प्रसिद्ध झाल्या. संगमनेरकर, नगरकर, सातारकर, नारायणगावकर ही नावे याच पद्धतीची आहेत. या नावामुळे कलावंताची ओळख जातीपेक्षा गावाशी जोडली गेली; मात्र त्याच कारणाने अधिकृत कागदपत्रांतील व्यक्ती आणि जाहिरातीवरील कलावंत एकच आहेत, हे सिद्ध करणे अवघड होते.

गावाचे नाव हे नेहमी जन्माचे किंवा निवासाचे ठिकाण दर्शवत नाही. कांताबाईंचा जन्म गुजरातमधला, नाव साताऱ्याचे आणि कारकिर्दीचा मोठा काळ संगमनेरचा. केवळ नावावरून जिल्हावार सूची केल्यास त्या अहिल्यानगरच्या इतिहासातून गळून पडतात. त्यामुळे कलावंताचे जन्मनाव, रंगमंचावरील नाव, फडांची नावे आणि निवासाची गावे या स्वतंत्र नोंदी म्हणून ठेवणे सूचीकारांना आवश्यक ठरते.

फडांच्या नावांतही इतिहास सामावलेला असतो. दोन प्रमुख कलावंतांची नावे 'सह' या शब्दाने जोडण्याची रीत आहे. 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर लोकनाट्य तमाशा मंडळ' हे त्याचे उदाहरण होय. भागीदारी बदलली की फडाचे नाव बदलते. म्हणून तारीख असलेल्या जाहिरातपत्रकांवरून फडांचे एकत्र येणे, विभक्त होणे व वारसाहक्क यांचा क्रम लावता येतो.

इतिहासाची साधने

तमाशा फडांच्या इतिहासासाठी पुढील प्रकारची साधने उपयोगी पडतात.

• जाहिरातपत्रके, भित्तिपत्रके व तिकिटे. यांवरून कार्यक्रमाचे गाव, तारीख, वगाचे नाव व कलावंतांचा क्रम कळतो. एका रात्रीसाठी स्वस्त कागदावर छापलेली असल्याने ती क्वचितच टिकतात.

• वगांच्या वह्या. अनेक वगांची संहिता हस्तलिखित असते व ती फडातच राहते. संवादांचा मोठा भाग, विशेषतः बतावणी व सोंगाड्याचे विनोद, प्रयोगाच्या वेळी उत्स्फूर्तपणे रचला जातो. त्यामुळे वही हा प्रयोगाचा केवळ सांगाडा असतो.

• शासकीय कागदपत्रे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस तत्कालीन मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. पुढे ती उठवून परवाने व संहितांची पूर्वतपासणी सुरू करण्यात आली. नियंत्रणासाठी निर्माण झालेली ही कागदपत्रे अभ्यासकांना इतिहासाचे साधन म्हणून उपयोगी पडतात.

• ध्वनिमुद्रणे. ध्वनिमुद्रिकांच्या व पुढे ध्वनिफितींच्या काळात लावण्या, बतावण्या व संक्षिप्त वग बाजारात आले. मुद्रणाच्या मर्यादित वेळेमुळे त्यांत मूळ प्रयोगाचा थोडाच भाग आढळतो.

• छायाचित्रे, पोशाख व वाद्ये. नऊवारी लुगडी, घुंगरांच्या पट्ट्या, ढोलकी, हलगी, तुणतुणे व कडे या वस्तू वापरून झिजतात किंवा पुढील कलावंताकडे जातात.

• मौखिक कथन. नृत्यातील पदन्यास, ढोलकीच्या बोलांशी त्याची सांगड, एका ओळीवर अनेक प्रकारे केली जाणारी अदा आणि प्रवासातील जीवन यांची माहिती प्रामुख्याने कलावंतांच्या मुलाखतींतूनच मिळते.

अन्य देशांतील फिरत्या नृत्यसंस्थांशी तुलना केल्यास हा फरक स्पष्ट होतो. १९०९ ते १९२९ या काळात युरोपभर फिरलेल्या 'बॅले रूस' या संस्थेचे पोशाख लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयासह अनेक ठिकाणी जपलेले आहेत. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात नृत्यविषयक साहित्याचा स्वतंत्र विभाग आहे. रुडॉल्फ लाबान यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीमुळे नृत्याच्या हालचाली चिन्हांत लिहिणेही शक्य झाले. तमाशातील नृत्याचे शिक्षण लिपीवाचून, फडातच व पाहून-करून होत आले. म्हणून ज्येष्ठ कलावंताच्या निधनाबरोबर त्या ज्ञानाचा काही भाग नाहीसा होतो.

अडचणी

जतनाच्या मार्गातील सर्वांत मोठी अडचण सामाजिक स्वरूपाची आहे. तमाशातील कलावंत प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी आदी समाजांतून आले. त्यांच्या कलेचा उपभोग घेणाऱ्या समाजाने त्यांना प्रतिष्ठा मात्र दिली नाही. अनेक कुटुंबांतील पुढील पिढ्यांनी शिक्षण व नोकरीच्या ठिकाणी होणारी अवहेलना टाळण्यासाठी घरातील तमाशाचा वारसा उघड केला नाही. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनात लावणी कलावंत स्त्रीच्या मुलाच्या दृष्टीने या जीवनाचे चित्रण आले आहे. आंबेडकरी चळवळीतही तमाशाबद्दल टीकेची भूमिका होती, कारण दलित स्त्रियांच्या शोषणाशी त्याचा संबंध होता. पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेली तमाशाच्या उत्पन्नाची मदत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नाकारली, अशी आठवण सांगितली जाते. त्यामुळे या इतिहासाचे लेखन करताना कलेचा गौरव व शोषणाची नोंद या दोन्हींना स्थान देणे अभ्यासकांना आवश्यक वाटते. कलावंताची खासगी माहिती, छायाचित्रे व मुलाखती यांसाठी तिची संमती घेणे हाही याच प्रश्नाचा भाग आहे.

दुसरी अडचण प्रयोगाच्या बदलत्या स्वरूपाची आहे. पूर्वी वग रात्रभर चालत. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक वापरण्यावर २००० च्या नियमांनी निर्बंध आले, तसेच प्रेक्षकांकडून चित्रपटगीतांची मागणी वाढली. परिणामी वगाचा अवधी घटला आणि जुने दीर्घ वग सादर करण्याचे प्रसंग कमी झाले. मार्च २०२० नंतर करोनाच्या साथीत यात्रा रद्द झाल्या व फडांचे कार्यक्रम थांबले. हंगामाचे उत्पन्न बुडाल्याने कलावंतांना अन्य कामांकडे वळावे लागले.

नोंदींच्या अभावाचा परिणाम केवळ संशोधनापुरता राहत नाही. ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी राज्य शासनाची मासिक मानधन योजना आहे. तिच्या लाभासाठी अर्जदाराला कलेतील दीर्घ कार्याचे पुरावे सादर करावे लागतात. जाहिरातपत्रक, छायाचित्र, प्रमाणपत्र किंवा वृत्तपत्रातील कात्रण न जपलेल्या, तसेच रंगमंचावरील नाव व ओळखपत्रावरील नाव वेगळे असलेल्या कलावंताला हे सिद्ध करणे कठीण जाते. समूहात नाचणाऱ्या व जाहिरातीवर नाव न येणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत ही अडचण अधिक तीव्र असते.

संशोधन व लेखन

तमाशावरील मराठी ग्रंथांत नामदेव व्हटकर, रुस्तुम अचलखांब ('तमाशा लोकरंगभूमी') व मिलिंद कसबे यांचे लेखन महत्त्वाचे मानले जाते. संगमनेरचे लेखक संतोष खेडलेकर यांनी कांताबाई सातारकर यांचे चरित्र लिहिले. शेजारच्या नारायणगावातील विठाबाईंचे चरित्र योगीराज बागूल यांनी 'तमाशा : विठाबाईच्या आयुष्याचा' या ग्रंथात मांडले. शाहिरापेक्षा कलावंत स्त्रीला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या या चरित्रांमुळे फडांच्या अर्थव्यवहाराची व प्रवासाची माहितीही नोंदली गेली. भूषण कोरगावकर यांचे 'संगीत बारी' (२०१४) हे पुस्तक लावणी कलावंत स्त्रियांच्या सहवासातून लिहिले गेले आहे.

इंग्रजीत टेव्हिया अब्राम्स यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेतील विद्यापीठात तमाशावर प्रबंध सादर केला. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९० च्या दशकात लावणी कलावंतांचा अभ्यास जात व लिंगभाव यांच्या दृष्टीने केला. इतिहासकार शैलजा पाईक यांच्या 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' (२०२२) या ग्रंथात तमाशातील दलित स्त्रियांचा इतिहास आला असून त्यात पवळा यांच्या जीवनाचीही चर्चा आहे. पाईक यांना २०२४ मध्ये मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली. त्यांचे मूळ गाव अहिल्यानगर जिल्ह्यातील पोहेगाव होय.

दृक्‌श्राव्य नोंदी व संस्था

छायाचित्रकार संदेश भंडारे यांनी फडांबरोबर फिरून केलेले चित्रण 'तमाशा : एक रांगडी गंमत' या पुस्तकात प्रसिद्ध झाले. त्यात रंगमंचाबरोबरच राहुटीतील जीवन, रंगभूषा व प्रवास यांनाही स्थान आहे. सावित्री मेधातूल व भूषण कोरगावकर यांनी लावणी कलावंतांवर 'नटले तुमच्यासाठी' हा माहितीपट केला. त्यातूनच पुढे 'संगीत बारी' हा रंगमंचीय कार्यक्रम आकाराला आला. त्यात शकुंतलाबाई नगरकर यांच्यासह पारंपरिक कलावंत स्वतः लावणी सादर करतात. निवेदनातून त्या कलेचा इतिहास सांगितला जातो. २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहात फिरत्या फडांवरील वृत्तान्त व छायाचित्रे उपलब्ध आहेत.

मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत तमाशासह लोककलांचे शिक्षण व संशोधन चालते. राज्य शासनाचे सांस्कृतिक कार्य संचालनालय तमाशा महोत्सव व प्रशिक्षण शिबिरे आयोजित करते. शिबिरांत ज्येष्ठ कलावंत नवोदितांना गण, गौळण, लावणी व वग यांचे शिक्षण देतात. संग्रहालयात ठेवता न येणारा कलेचा भाग टिकवण्याचा हा मार्ग मानला जातो.

चित्रपटांचा प्रभाव

'सांगत्ये ऐका' (१९५९), 'सवाल माझा ऐका' (१९६४) व 'पिंजरा' (१९७२) या चित्रपटांमुळे तमाशा शहरी प्रेक्षकांपर्यंत पोहोचला. मात्र त्यांतील लावणी व्यावसायिक चित्रपटाच्या गरजेनुसार रचलेली, पार्श्वगायनावर आधारित व अभिनेत्रींनी सादर केलेली होती. फडातील कलावंत स्वतः गाते व नाचते, तसेच वगात संवादही म्हणते. चित्रपटात ही कामे वेगवेगळ्या व्यक्तींमध्ये विभागली गेली. त्यामुळे चित्रपटातील चित्रण हे फडातील सादरीकरणाची नोंद म्हणून वापरताना हा भेद लक्षात घ्यावा लागतो.